शुक्रवारची माती

सुर्ला,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरी आहोत. राजेश सकाळच्या बसने साखळीला जातो, तो संध्याकाळीच येतो. परसातल्या काजूला यंदा लवकर मोहोर आला. थंडी आहे, पण सकाळी नवाच्या पुढे टिकत नाही. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस की कपाटात ठेवलास?

खुशाली एवढी पुरे. तू हे पत्र खुशालीसाठी उघडलेलं नाहीस, हे मला माहीत आहे.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मुख्याध्यापिका होतेस आणि मी पहिलीतली मुलगी. मी "पण ताई" म्हणते, तू "आधी ऐक" म्हणतेस, आणि ऐकता ऐकता माझं बोलायचं राहून जातं. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

मंगळवारी आमच्या बालवाडीच्या मंडळाचे अध्यक्ष बाबाजीकाका वर्गात आले. मुलं जेवायला बसली होती. त्यांनी मला बाहेर बोलावलं, पाकीट दिलं आणि म्हणाले, "बाई, हे आपल्या अक्षरात उतरून काढा, खाली सही करा, रविवारच्या सभेत वाचा. विषय संपला." मी पाकीट तिथेच फोडलं. पहिली ओळ वाचायच्या आधीच मी अक्षर ओळखलं, ताई. त्याच अक्षरात तू मला बाराखडी गिरवायला दिली होतीस.

"माझ्या निष्काळजीपणामुळे मुलांच्या स्वच्छतेस व शिस्तीस बाधा आली, याबद्दल मी पालकांची बिनशर्त माफी मागते. यापुढे मातीचा वा तत्सम कोणताही खेळ घेतला जाणार नाही."

काका तुझ्याकडे आले असणार, कारण ही नोकरी मला तुझ्या शब्दावर मिळाली. आणि तू माझ्या भल्यासाठीच लिहून दिलं असणार. पण मला एकदा विचारलंही नाहीस, की गौरवी, झालं काय?

तर काय झालं ते सांगते.

नोव्हेंबरपासून मी दर शुक्रवारी मुलांना मातीत खेळायला देते. रस्त्यावरची माती नव्हे, खाणीतल्या टाकाऊ मातीच्या डंपाकडची तर नव्हेच. डिचोलीच्या एका कुंभाराकडून दोन पोती चिकणमाती आणली. मी आणि शुभांगीने ती चाळली, खडे काढले, पाण्यात भिजवली. शुभांगी म्हणजे आमची मदतनीस, चंदगडकडची, नवरा इथे बांधकामावर आहे. माती मळताना ती म्हणाली, "बाई, आमच्याकडं बेंदराला पोरं मातीची बैलं करत्यात. हितं पोरांना चिखुल माहितीच न्हाई व्हय?" मी म्हटलं, माहीत होता, विसरवला.

मागच्या अंगणात ताडपत्री घालतो. घरून जुने कपडे आणायला सांगितलेत, खेळण्याआधी ते घालतो. चौदा मुलं आहेत. कोणी भाकऱ्या थापतं, कोणी नुसतंच बोटांच्या फटीतून चिखल पिळत बसतं. एकाने तीन शुक्रवार फक्त पाणी ओतलं आणि ते कुठे जातं ते पाहिलं. तासाभराने दोन बालद्या गरम पाणी, साबण, आणि नखं मी स्वतः तपासते. दोन महिन्यांत एकाही मुलाला खरूज नाही, ताप नाही. हे मी सभेत सांगणार आहे, पण सभेला त्याचं काही नाही.

सभेला एका फोटोचं आहे. गेल्या शुक्रवारी, दहा तारखेला, शुभांगीने एक फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. फोटोत ऋतिका आहे. चार वर्षांची. केसापासून पायापर्यंत चिखल, डोळे तेवढे ओळखू येतात, आणि तोंड एवढं उघडं की मागच्या दाढा दिसतात. हसते आहे. तिचा बाप श्रीनाथ ट्रक चालवतो, खनिजाच्या वाहतुकीचा. आई सेजल, आपल्या पेडण्याकडचीच. घर असं स्वच्छ की उंबऱ्यावर पाय ठेवताना आपलेच तळवे बघावेत. तो फोटो बघून श्रीनाथने ग्रुपवर लिहिलं, "आम्ही मुलगी शाळेत पाठवतो की खाणीत?" खाली नऊ जणांनी अंगठे दाखवले. दुसऱ्या दिवसापासून ऋतिका आलेली नाही.

श्रीनाथचं मला समजतं, ताई. खोटं कशाला बोलू. त्याचे वडील खाणीवर होते. त्यांची बनियन कितीही धुतली तरी लालच राहायची, असं तो सांगतो. या गावातल्या बायकांचा अर्धा जन्म खाणीवरून घरात शिरणारं लाल पाणी उपसण्यात गेला. ज्यांच्या घरात दाराच्या फटीतून धूळ आली, जेवणावर बसली, त्यांना आपलं मूल पांढऱ्याशुभ्र फ्रॉकात बघायचंय. त्यात वाईट काय? काहीच नाही. फक्त त्या फ्रॉकात एक मूल असतं.

आणि हाच श्रीनाथ दर आषाढात माशेलला चिखलकाल्याला जातो. देवळापुढच्या चिखलात लोळतो. त्याचा नखशिखांत माखलेला फोटो याच ग्रुपवर आहे, आणि त्याच्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात. मोठे पुरुष चिखलात खेळले तर देवाची सेवा, चार वर्षांची पोर खेळली तर शिस्तीस बाधा. हे मला कोणीतरी समजावून सांगावं. तूच सांग. तू पंचवीस वर्षं शिकवतेस.

सगळं सुरू कसं झालं, तेही लिहायला हवं. ऋतिका जूनमध्ये आली तेव्हा तिच्या दप्तराला हात पुसायच्या औषधाची छोटी बाटली लटकवलेली असायची. रंग दिले तर ती ब्रश शेवटच्या टोकाला दोन बोटांत धरायची. गोंद लागला की रडायची नाही, हात पुढे करून उभी राहायची, कोणी येऊन पुसेपर्यंत. शांत, आज्ञाधारक. अशी मुलगी सगळ्या बाईंना आवडते. मलाही आवडायची. ऑक्टोबरात एक दिवस मंडळाचे पाहुणे बालवाडी बघायला आले होते, त्या दिवशी थोडं काही झालं, ते इथे महत्त्वाचं नाही. त्यानंतर मला वाटलं की या मुलांना मातीची गरज आहे, आणि मी पोती आणली.

पहिल्या शुक्रवारी ऋतिका दारातून पुढे आली नाही. दुसऱ्या शुक्रवारीही नाही. मी बोलावलं नाही. तिसऱ्या वेळी ती काठी घेऊन आली आणि लांबून मातीला टोचत राहिली. मग एक बोट. त्या बोटाकडे ती इतका वेळ बघत होती, की शुभांगी म्हणाली, "बाई, हिला बोट नवीन फुटलंय जणू." सहाव्या शुक्रवारी पूर्ण पंजा. आणि आठव्या शुक्रवारी तो फोटो.

सेजल मला आधी फार मानायची. दिवाळीच्या सुमारास घरी करंज्या घेऊन आली होती. म्हणाली, "बाई, तुमी चांगला वळण लावलात. आता आमची ऋतिका हात घाण करणाच नाय." मी करंज्या घेतल्या. चहा केला.

ताई, दुपारचे तीन वाजलेत. मघाशी इथवर लिहून उठले, भांडी घासली, अंगणात जाऊन उगाच एक फेरी मारली. वर मी लिहिलं आहे, की ते इथे महत्त्वाचं नाही. ती ओळ खोडत नाही, तशीच राहू दे. मी कशी पळते ते तुलाही दिसू दे.

त्या दिवशी पाहुणे साडेदहाला यायचे होते. मी मुलांना नऊपासून बसवून ठेवलं होतं, मांडी घालून, तोंडावर बोट, सगळी पांढऱ्या कपड्यांत. बाबाजीकाका दोनदा येऊन बघून गेले. सव्वादहाला माझ्या लक्षात आलं, ऋतिका जागेवर नाही. मागे गेले. नळाखाली पाणी साचून चिखल झालेला असतो, तिथे ती उकिडवी बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत आत. हळूहळू हलवत होती, जसं आपण पिठात हात फिरवतो. चेहरा मी तिचा असा कधी पाहिला नव्हता. फ्रॉकला ओंजळभर चिखल लागला होता.

मी तिला दंडाला धरून उचललं. माझ्या हातात फूटपट्टी होती, फळ्यावर रेघा मारायला घेतलेली. तिच्या हातांवर तीन वेळा मारलं. मग नळाखाली धरून भांडी घासायच्या काथ्याने तिचे हात घासले. कोपरं लाल होईपर्यंत घासले. ती रडली नाही. पाणी बंद केल्यावर तिने हातांकडे बघितलं आणि मला विचारलं, "बाई, मी घाण?"

मी तिचे हात पुसले आणि तिला ओळीत नेऊन बसवलं. गाडीचा आवाज आला होता.

पाहुण्यांनी वहीत लिहिलं, मुले अत्यंत शिस्तप्रिय आहेत. त्यानंतर आठ दिवस ऋतिकाने मुठी उघडल्या नाहीत. डबा समोर ठेवला तर शुभांगी भरवायची. घरी सेजल भरवायची. आणि तिला वाटलं, मी वळण लावलं. त्याच वळणाच्या करंज्या मी खाल्ल्या, ताई. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. राजेशलाही नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी माझे हात बघितले आणि मला ते ओळखीचे वाटले. ते तुझे होते.

तुला आठवत असेल की नाही, माहीत नाही. मी पाच वर्षांची, तू एकोणीस. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तुला बघायला लोक येणार होते, आणि मी वायंगणाच्या भातशेतात, गुडघाभर पाण्यात, खेकडे शोधत होते. पाहुणे पाराशी पोचले आणि मी त्यांच्याबरोबरच अंगणात शिरले, तशीच. त्यांच्यातली एक बाई बाबांना म्हणाली, "आई नसलेलं भुरगं. असंच वाढायचं." तू माझा दंड धरलास. मला विहिरीकडे नेलंस, कपडे काढलेस आणि नारळाच्या सोडणाने घासलंस. पाहुणे ओसरीवर बसून बघत होते. मी ओरडत होते आणि तू दात आवळून एकच म्हणत होतीस, "परत कोणी म्हणता नये. परत कोणी म्हणता नये."

ते स्थळ जुळलं नाही. आणि त्यानंतर माझ्या अंगावर कधी डाग दिसला नाही. शाळेत माझी वेणी सगळ्यांत घट्ट असायची. तू मला वाढवलंस, शिकवलंस, तुझं लग्न चार वर्षं लांबलं ते माझ्यामुळे. हे सगळं मी जाणते. पण मी चाळीशीला आले तरी पाहुणे यायचे म्हटलं की मी आधी स्वतःची नखं बघते, आणि त्याच धास्तीने मी एका चार वर्षांच्या पोरीला काथ्याने घासलं. हे असं कुठवर चालवायचं?

म्हणून सांगते. तुझ्या मसुद्यावर मी सही करणार नाही.

माफी मागायची आहे, पण चिखलाची नाही. पट्टीची मागेन आणि काथ्याची मागेन. रविवारी, सगळ्यांसमोर. त्याने नोकरी गेली तर ती योग्य कारणासाठी जाईल. मुलं हसली म्हणून मी माफी मागावी आणि मूल घाबरलं त्याचं कौतुक व्हावं, हे मला जमणार नाही. तुझी मान खाली जाईल, तेही मला कळतं. माझ्यासाठी तू शब्द टाकलास. तो शब्द मोडते आहे, आणि समजून उमजून मोडते आहे.

उद्या शुक्रवार आहे. काकांनी माती बंद करायला सांगितली आहे. आज दुपारीच मी आणि शुभांगीने ती भिजवून ठेवली.

तुझ्यावर रागावलेली, पण तुझ्याशिवाय कोणाला लिहावं हे न कळणारी,
गौरवी


सुर्ला,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

तुझा फोन आला, बरं वाटलं. एवढ्या दिवसांनी तुझा आवाज ऐकला आणि तू दोनच वाक्यं बोललीस. "पत्र मिळालं. विहिरीवरचं ते मला आठवत नाही." मग भावोजींनी हाक मारली असं म्हणून ठेवलास. हाक मला ऐकू आली नाही, पण असो.

सभेचं तुला काकांकडून कळलंच असेल. त्यांनी सांगितलेलं आणि घडलेलं यात फरक असेल, म्हणून मीही सांगते.

पालक मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर बसले होते. श्रीनाथ उभाच होता, त्या खुर्चीत तो मावत नाही. काकांनी प्रास्ताविक केलं, स्वच्छता, संस्कार, मंडळाचं नाव. मग श्रीनाथ बोलला. आरडाओरडा केला नाही त्याने. म्हणाला, "बाई, माझ्या बापायला शेवटचं न्हाऊ घातलं तेव्हाही नखांत लाल होतं. मी त्या दिवशी ठरवलं होतं, माझ्या पोरीच्या नखात माती दिसणार नाही. तुम्ही ती दाखवलीत. गावाला दाखवलीत." मला त्याच्याशी भांडता आलं असतं तर सोपं झालं असतं. मी म्हटलं, "श्रीनाथ, तुमच्या वडिलांनी ती माती पोटासाठी अंगावर घेतली. तुमची मुलगी हसण्यासाठी घेते. दोन्हीला एकच नाव देऊ नका."

काका म्हणाले, "बाई, पत्र वाचा."

मी म्हटलं, मातीच्या खेळाबद्दल माझ्याकडे वाचायला पत्र नाही आणि नसेल. पण एक गोष्ट सांगायची आहे. आणि मी सांगितली. नळ, पट्टी, काथ्या, तीन वेळा, सगळं. "मी घाण?" हेसुद्धा. मध्येच पाणी प्यायले, पुन्हा सांगितलं. मग सेजल उठली. तिच्या तोंडून घरची भाषा आली. "तुमी माझ्या चेडवाक मारलात? आणि मी तुमका करंज्यो हाडून दिलंय?"

मी हो म्हटलं.

ती बाहेर गेली. श्रीनाथ दोन पावलं पुढे आला. मला वाटलं, हा आता अंगावर येणार. तो नुसता म्हणाला, "त्या आठ दिवसांत मीही तिला भरवत होतो. मजा वाटायची मला," आणि तोही गेला.

मंडळाने दुसऱ्या दिवशी मला कमी केलं. पत्रात कारण लिहिलंय, मुलास शारीरिक शिक्षा. ते मी मान्य करून सही केली. बघ, सही करायला माझी ना नव्हतीच. काका जाताना म्हणाले, "गप्प बसून चिखलाची माफी मागितली असती तर राहिला असतात तुम्ही." मी म्हटलं, "हो काका, तेच तर."

पहिले आठ दिवस वाईट गेले. सकाळी नऊ वाजले की पाय आपोआप दाराकडे जायचे. राजेश संध्याकाळी लवकरची बस धरून यायला लागला. एकदा जेवताना म्हणाला, "मला आधी सांगायला हवं होतंस." पट्टीबद्दल म्हणत होता. मी म्हटलं, हो. त्या दिवसापासून घरात मोकळं वाटतं.

मग एका शुक्रवारी दुपारी साडेतीनला शुभांगी दारात. तिची स्वतःची दोन आणि वाड्यावरची तीन मुलं घेऊन. ती अजून बालवाडीतच आहे, तिला ती नोकरी हवी, आणि मी तिला सोडू नको म्हणून बजावलंय. म्हणाली, "बाई, पोती मंडळानं फेकून द्याय सांगिटलीती. मी तुमच्याकडं फेकल्यात." सायकलवर बांधून आणली होती. आम्ही काजूखाली ताडपत्री घातली. गेल्या शुक्रवारी सात मुलं झाली. प्रत्येकाच्या आईने किंवा आजीने समोर बसायचं, हा माझा नियम. मी कोणाच्याही मुलाबरोबर एकटी राहत नाही. तो नियम मी कोणी न सांगता केला आहे.

त्याच दिवशी फाटकाशी सेजल आली. ऋतिकाचा हात धरून. मुलगी जुन्या, आखूड झालेल्या फ्रॉकात. मी पायरीवरून उठले. सेजल आत आली, माझ्याकडे बघितलं नाही, खुर्ची स्वतःच ओढून अगदी ताडपत्रीच्या कडेला ठेवली आणि बसली.

"घरात पीठ मळतंय तर ही हात घालता," ती म्हणाली, अजून माझ्याकडे न बघता. "न्हाणीघरात साबू चोळून चोळून ढीग करता. रोज विचारता, शुक्रवार कधी. तिचो बापूय म्हणालो, ने तिका. म्हणान हाडलंय. तुमच्यावर माझो विश्वास नाय. मी हयच बसतलंय."

"बसा," मी म्हटलं.

"आणि तिका सांगा. माझ्यासमोर सांगा."

मी ऋतिकासमोर खाली बसले. चार वर्षांच्या मुलीला काय आणि कसं सांगायचं, याचं प्रशिक्षण मला कोणी दिलेलं नाही, ताई, तुलाही दिलं नसेल. मी म्हटलं, "ऋतिका, त्या दिवशी नळावर मी तुला मारलं. तुझी काही चूक नव्हती. माझी होती. तू विचारलं होतंस, मी घाण का. तू घाण नव्हतीस. चिखल लागला म्हणून कोणी घाण होत नाही."

तिने ऐकलं. माझ्या तोंडाकडे नीट बघून ऐकलं. मग मातीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, हिच्यात पाणी घाला. सुकली."

मी पाणी घातलं. ती तासभर खेळली. सेजल तासभर खुर्चीत ताठ बसून होती, मांडीवर टॉवेल, नजर माझ्या हातांवर. तिने मला माफ केलेलं नाही. करावं असंही मी म्हणणार नाही. शेवटी ऋतिकाने आईच्या पायावर चिखलाचा एक गोळा आणून ठेवला, लाडूसारखा, आणि सेजलने तो झटकला नाही. हातात घेतला, काय करायचं ते न कळून इकडेतिकडे बघितलं, आणि मग तसाच धरून बसली. जाताना मला म्हणाली, "येतंय." येते असं म्हणतात म्हणून म्हणाली, की पुढच्या शुक्रवारी येते म्हणाली, ते कळायचं आहे.

आता तुझ्या फोनबद्दल.

ते तुला आठवत नाही, यावर माझा विश्वास आहे. मला त्याचा रागही आला नाही. पहिल्या दिवशी आला, मग गेला. तुला त्या दिवशीची इतकी कामं होती: पाहुणे, पोहे, बाबांचा चेहरा, आणि मध्ये मी. तुझ्यासाठी ती एका पोरीची आंघोळ होती. ऋतिकाचंही माझ्या बाबतीत तसंच झालं असतं. आणखी दहा वर्षं मी बालवाडीत काढली असती, दीडशे मुलं हाताखालून गेली असती, आणि कोणी मोठी झालेली मुलगी समोर येऊन म्हणाली असती, बाई, तुम्ही मला नळावर घासलं होतं, तर मीही खरं सांगून म्हटलं असतं, मला आठवत नाही. म्हणून मी तीस माणसांसमोर सांगून टाकलं. आता मला विसरायची सोय राहिली नाही. मला तीच नको होती.

तू माफी मागावीस म्हणून मी ते लिहिलं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या मुलीकडून, जिची आई गेलेली आहे आणि जिला बघायला लोक आलेत, माफीची अपेक्षा कोण करील? मागायचीच तर त्या ओसरीवरच्या बाईने मागावी, आणि ती केव्हाच गेली असेल. पण ताई, तुझ्या शाळेत पहिलीत अठ्ठावीस मुलं आहेत, तूच सांगितलंस. मधल्या सुट्टीनंतर तू दारात उभी राहून त्यांचे हात तपासतेस, तेही तूच सांगितलंस, अभिमानाने. एवढंच म्हणते, एखाद्या दिवशी तपासू नकोस. दोन मिनिटं त्यांच्या तोंडाकडे बघ. मग तुला काय वाटतं ते मला कळव, किंवा नको कळवू.

माझी काळजी करू नको. साखळीत एका शाळेत जागा निघणार आहे असं राजेश ऐकून आला. मी अर्ज करीन आणि त्यात मागची नोकरी कशाने गेली ते खरं लिहीन. मिळाली तर मिळाली. न मिळाली तरी काजूखालची ताडपत्री मी उचलणार नाही, आणि काका, मंडळ किंवा तू सांगितलंस तरी उचलणार नाही.

गुडघ्याला पट्टा बांध. जिना चढू नको.

तुझ्या हातची वाढलेली, आणि या वेळी तुझं न ऐकलेली,
गौरवी